कुंपणातली पाटी : मंडळाच्या सभासदांना खुले पत्र

प्रिय मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरातला गणपतीचा तो शनिवार तुम्हांला आठवत असेलच. शाळेच्या हॉलमागच्या रस्त्यावर आपल्या सात गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आरती, प्रसाद उरकून बाहेर आलो तर सातही गाड्यांच्या काचेवर पार्किंगच्या दंडाची पिवळी पाकिटं चिकटलेली. पाकिटं नाही, तर निदान ३५ पौंड तरी आठवत असतील. सहा जणांनी ते सोमवारपर्यंत भरून टाकले. सातवी गाडी आमची. गेल्या आठवड्यात आमच्या प्रकरणाचा निकाल लागला आणि दंड रद्द झाला.

तेव्हापासून फोन थांबत नाहीयेत. "काकू, कौन्सिलमध्ये कुणी ओळखीचं आहे का हो तुमच्या?" हा पहिला प्रश्न. (कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका, दंड तिनंच लावला होता.) "मग आमचे पैसे परत मिळतील?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचंही बहुधा नाहीच. त्याबद्दल पुढे लिहिते. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहून टाकते. पत्र उघडं ठेवते, कारण इथे इंग्लंडात नव्यानं नोकरीला आलेली आपली मुलं पहिल्या वर्षातच असं एखादं पाकीट घरी आणतात आणि त्यांना सांगायला जवळ कुणी नसतं.

त्या संध्याकाळी माझ्या एका हातात मोदकांचा रिकामा डबा होता, दुसऱ्यात समई. रिमझिम चालू होती. पाकीट बघितलं आणि आमचे हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "भरून टाकू, मिटवून टाकू." लेक म्हणाली, "आई, गाडी हलवायच्या आधी फोटो काढ." तिनं हे म्हटलं नसतं तर तुम्ही सहा आणि आम्ही सातवे, एवढाच हिशेब झाला असता. मी डबा टपावर ठेवला आणि फोटो काढले. रस्त्याचा अख्खा, गाडी आणि खालच्या पांढऱ्या तुटक रेघांचा, ड्रायव्हरच्या जागी बसून समोर जे दिसतं त्याचा. मग पाटी शोधायला लागले. सापडेचना. आपण ज्या पट्ट्यात गाड्या लावल्या होत्या तो दोन घरांच्या ड्राइव्हवेंच्या मधला सलग पट्टा. त्याला पाटी एकच, आणि तिचा खांब एका घराच्या लॉरेलच्या झुडपांच्या कुंपणात कमरेपासून वर पार बुडालेला. तीन पावलांवरून मला फक्त पाटीचा खालचा कोपरा दिसला, नखाएवढा. पानं बाजूला केली तेव्हा कळलं : फक्त पार्किंगच्या परवानाधारकांसाठी, सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०.

पांढऱ्या रेघा ओढलेल्या जागेत गाडी लावायची की नाही, हे त्या रेघा सांगत नाहीत. फुकट जागेलाही त्याच रेघा असतात आणि परवान्याच्या जागेलाही. सांगते ती पाटी. (आणि "मागच्या रस्त्यावर शनिवारी फुकट असतं" असा निरोप सगळ्यांना धाडणारे आपले कार्यकारिणीचे सभासद! त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्याही गाडीला पाकीट होतंच.)

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले ते सांगते. रविवारी रात्री भांडी आवरून मी कौन्सिलच्या संकेतस्थळावर गेले. पाकिटावरचा नोटीस क्रमांक आणि गाडीचा नंबर टाकला की वॉर्डननं, म्हणजे नोटीस लावणाऱ्या कौन्सिलच्या माणसानं, काढलेले फोटो दिसतात. ही सोय तुम्हा सहाही जणांना होती. आमच्या गाडीचे चार फोटो होते. एक नंबरप्लेटचा, एक चाक रेघेच्या आत असल्याचा, एक काचेवरच्या पाकिटाचा आणि चौथा पाटीचा. पाटी अगदी स्वच्छ, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. मी खचलेच. मला जे दिसलं नाही ते ह्या माणसाला एवढं लख्ख कसं दिसलं? फोटो मोठा केला. पुन्हा केला. उजव्या कडेला काहीतरी काळं होतं.

"पान आहे ते," आमचे हे म्हणाले.

"पानाला शिवण असते होय?"

काळ्या हातमोज्यातली दोन बोटं होती ती. वॉर्डननं एका हातानं फांदी मागे दाबून धरली होती आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला होता. पाटी दिसत नव्हती ह्याचा पुरावा खुद्द कौन्सिलनंच काढून, तारीख-वेळ घालून, जपून ठेवला होता.

वॉर्डनवर माझा राग नाही. तो नोकरी करत होता, आणि खरं तर त्यानं फांदी अशी धरली नसती की बोटं चौकटीत यावीत, तर मी काय करणार होते? त्याच्याशी रस्त्यावर हुज्जत घालण्यातही अर्थ नसतो. एकदा नोटीस काढली की ती मागे घेणं त्याच्या हातात राहत नाही. ते कौन्सिलच्या कचेरीतच होतं. आपल्यातल्या एका काकांनी त्या दिवशी त्याला जे ऐकवलं, ते गणपतीसमोर टाळता आलं असतं.

आता ३५ पौंडांबद्दल. लंडनबाहेर इंग्लंडात अशा चुकीला दंड ७० पौंड, आणि १४ दिवसांत भरला तर निम्मा. ही सवलत म्हणजे फार हुशारीनं ठेवलेली लालूच आहे. ३५ पौंड ही रक्कमच अशी की जीव जात नाही, पण झोंबते. भांडावं तर वेळ जातो, हरलो तर दुप्पट. मग माणूस विचार न करता कार्ड काढतो. त्यात आपण तर "कटकट नको" ह्या मंत्रावर वाढलेली माणसं. पुण्यात सिग्नलला पकडल्यावर साहेबांशी काय बोलायचं ते आपल्याला येतं, लोक अदालतीत चलान स्वस्तात मिटेल म्हणून थांबायचंही येतं. पण मधला सरळ रस्ता, म्हणजे कागदावर म्हणणं मांडायचं, पुरावा जोडायचा, उत्तराची वाट बघायची, त्याची सवय कुणी लावलीच नाही. मलाही नव्हती. आणि पैसे भरले की प्रकरण संपतं. भरलेल्या दंडावर नंतर अपील करता येत नाही. तुम्हा सहा जणांचं घोडं अडलं आहे ते इथेच.

मी काय केलं ते क्रमानं सांगते. इथे क्रम चुकला की सगळंच हातचं जातं.

पहिली पायरी म्हणजे साधी हरकत. काचेवर नोटीस लागल्यावर १४ दिवसांच्या आत कौन्सिलला लिहायचं. ह्या मुदतीत लिहिलं आणि त्यांनी नाकारलं, तरी बहुतेक कौन्सिलं निम्म्या दराची मुदत पुन्हा १४ दिवस देतात. सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही तसंच सुचवतात. म्हणजे पहिल्या पत्रानं खिशातलं काहीच जात नाही! हे मला ठाऊक असतं तर गेल्या १५ वर्षांत मी किमान दोन दंड वाचवले असते. मी एक पान लिहिलं. गाडी कुठे होती, पाटी कुठे होती, माझे तीन फोटो आणि त्यांचाच चौथा, बोटांभोवती लाल गोल काढून. दिवाळीची गडबड, आईंचा गुडघा, गणपती हा आमचा केवढा मोठा सण आहे, ह्यातलं काहीही लिहिलं नाही. लिहायचा मोह खूप झाला.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की परवाना दर्शनी भागात लावायला आपण विसरलात हे खेदजनक असलं तरी ती सबब होऊ शकत नाही. मंडळी, माझ्याकडे परवाना नव्हताच आणि तसं मी म्हटलंही नव्हतं! कुणीतरी गठ्ठ्यातलं तयार उत्तर काढून पाठवलं होतं. बोटांबद्दल अवाक्षर नाही. शेवटी ठळक अक्षरांत : १४ दिवसांत ३५ पौंड भरा.

इथेच बहुतेक जण मोडतात. आमच्या घरातही मोडायची वेळ आली होती. ह्यांनी लॅपटॉप उघडला, कार्ड काढलं. मी म्हटलं, "त्यांनी माझं पत्र वाचलेलंच नाही. वाचून नाही म्हणाले असते तर भरले असते."

पुढची पायरी ही की थांबायचं. वाटेत काहीही भरायचं नाही आणि काहीही टाळायचं नाही. नोव्हेंबरात "नोटीस टू ओनर" आली. ही गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावानं येते, चालवणाऱ्याच्या नव्हे. गाडी ह्यांच्या नावावर. त्यामुळे "मिटवून टाकू" म्हणणाऱ्या माणसालाच रीतसर हरकतीवर सही करावी लागली. सही करताना त्यांचा चेहरा लग्नाच्या वेळच्या फोटोसारखा होता.

ही रीतसर हरकत २८ दिवसांत द्यायची. इथे कायद्यानं कारणं ठरवून दिली आहेत आणि त्यातलं आपलं कारण निवडायचं. नियमभंग झालाच नाही, दंडाची रक्कम जास्त लावली, गाडी तेव्हा माझ्या मालकीची नव्हती, गाडी माझ्या संमतीशिवाय नेली होती, कौन्सिलनं कार्यपद्धती पाळली नाही, वगैरे. आमचं कारण पहिलं. १९९६ च्या वाहतूक आदेशांच्या कार्यपद्धतीच्या नियमांतला १८ वा नियम सांगतो की निर्बंध लावणाऱ्या कौन्सिलनं तो लोकांना कळेल अशा पुरेशा पाट्या लावायच्या आणि त्या टिकवायच्या. टिकवायच्या हा शब्द महत्त्वाचा. पाटी एकदा ठोकली आणि वर्षानुवर्षं लॉरेल वाढू दिली, हे त्यात बसत नाही. कुंपण घरमालकाचं असलं तरी रस्त्यावर आलेल्या फांद्या कापायला लावायचा अधिकार १९८० च्या महामार्ग कायद्याच्या कलम १५४ नं कौन्सिललाच दिलेला आहे. हे सगळं मी चार ओळींत लिहिलं.

पण उगाच हुरळून पाट्या मोजत बसू नका. पाटी दोन इंच तिरकी आहे, रेघेचा रंग उडालाय, एवढ्यावर दंड रद्द होत नाही. २०११ साली संडरलंडच्या प्रकरणात अपील न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की किरकोळ दोषांनी निर्बंध निकामी होत नाही. चालकाला निर्बंध पुरेसा कळत होता का, हे बघायचं. आमच्या बाबतीत पाटी वाचायला माळी लागला असता.

रीतसर हरकतीला कौन्सिलनं ५६ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर हरकत मान्य झाली असं धरतात. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ५६ वा दिवस लाल पेनानं वर्तुळात ठेवला होता. उत्तर ५० व्या दिवशी आलं. नकार. ह्या वेळी निदान पाटीचा उल्लेख होता, "आमच्या छायाचित्रात पाटी स्पष्ट दिसते" असा. बोटं अजून कुणाला दिसलेली नव्हती.

आता खरी गंमत. १९९१ च्या कायद्यानंतर ह्या देशात रस्त्यावरच्या पार्किंगचं काम हळूहळू पोलिसांकडून कौन्सिलांकडे गेलं. आता ते २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याखाली चालतं. म्हणजे रेघ कौन्सिल ओढणार, पाटी कौन्सिल लावणार, दंड कौन्सिल घेणार आणि तक्रारही आधी कौन्सिलच ऐकणार. भाऊबंदकीचा वाद भावापुढेच मांडायचा, तसलं. म्हणूनच त्याच्या वर स्वतंत्र न्यायाधिकरण ठेवलं आहे. लंडनच्या ३३ कौन्सिलांसाठी लंडन ट्रायब्युनल्स, आणि बाकीच्या इंग्लंडसाठी व वेल्ससाठी ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. तिथे बसून निकाल देणारे अॅडज्युडिकेटर वकील असतात, कौन्सिलचे नोकर नव्हेत. अपीलाला एक पैसाही फी नाही. हरलात तरी समोरच्याचा खर्च साधारणपणे तुमच्या अंगावर येत नाही. निव्वळ त्रास द्यायला, निराधार किंवा अगदीच अवाजवी वागलात तरच. नकाराच्या पत्रासोबत अपील कसं करायचं ते येतं, त्यासाठी पुन्हा २८ दिवस.

मी सगळे कागद तिथे ऑनलाइन चढवले. कौन्सिललाही तिचा पुरावा तिथेच टाकावा लागतो आणि तो आपल्याला वाचता येतो. पुष्कळदा इथवर आल्यावर कौन्सिल "आम्ही लढत नाही" म्हणून माघार घेते. आमचं कौन्सिल मात्र लढलं. पुराव्याच्या फायलीत रस्त्याचा नकाशा, वाहतूक आदेशाची प्रत, वॉर्डनच्या नोंदी, आणि तोच चौथा फोटो.

सुनावणी फोनवर झाली, मार्चच्या सुरुवातीला, जेमतेम २० मिनिटं. ह्यांनी अपीलकर्ता म्हणून नाव सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला, कारण गाडी मी लावली होती. माझा आवाज थरथरत होता. मला वाटलं होतं उलटतपासणी होईल. अॅडज्युडिकेटरबाईंनी मला तीन गोष्टी विचारल्या : कुठल्या दिशेनं आलात, गाडी लावल्यावर पाटी शोधलीत का, आणि पुढच्या ड्राइव्हवेपलीकडे ४० मीटरवर जी पाटी आहे ती तुमच्याच पट्ट्याची आहे असं कौन्सिल म्हणतं, त्यावर तुमचं म्हणणं काय. मी सांगितलं, मधे ड्राइव्हवे आहे, रेघा तिथे तुटतात, तो पट्टा वेगळा. दुसऱ्या प्रश्नावर खरं ते सांगितलं : घाईत होते, खांब दिसला नाही म्हणून निर्बंध नसेल असं धरलं. कौन्सिलतर्फे कुणी हजर नव्हतं. मग त्या म्हणाल्या, छायाचित्राच्या उजव्या कडेला जे आहे ते तुमच्या मते काय आहे? सहा महिन्यांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली व्यक्ती. मी म्हटलं, "बोटं." त्या म्हणाल्या, मलाही तसंच वाटतं.

लेखी निकाल आला तो एका पानाचा. पाटी पुरेशी दिसत नव्हती, नियमभंग सिद्ध होत नाही, अपील मान्य.

आता तुमच्या पैशांबद्दल. निकाल आमच्या गाडीपुरता आहे, दुसऱ्या प्रकरणांवर तो बंधनकारक नसतो आणि तुम्ही दंड भरून प्रकरणं बंद केलीत. तरी सहाही जणांनी निकालाची प्रत जोडून कौन्सिलला परताव्याची विनंती करा. नाकारायला ते मोकळे आहेत, पण विशेष परिस्थितीत दंड मागे घ्यायचा अधिकार त्यांना नेहमीच असतो. मसुदा मी करून देते. लोकपालाकडे जाऊ म्हणणाऱ्यांना सांगते की न्यायाधिकरणात जायचा मार्ग होता आणि तो तुम्ही वापरला नाहीत, अशी तक्रार ते सहसा घेत नाहीत.

काही जणांच्या मनातली भीती मला फोनवरच कळली. "आपण बाहेरची माणसं, सरकारशी भांडलो तर नाव खराब होईल." कौन्सिलची पार्किंग नोटीस हा दिवाणी दंड आहे. पोलिसांचा संबंध नाही, ड्रायव्हिंग लायसन्सवर पॉइंट पडत नाहीत, गुन्ह्याची नोंद नाही. आणि अपील म्हणजे भांडण नव्हे, कायद्यानंच आखून दिलेली वाट आहे ती. नाव खराब होतं ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून विसरल्यानं. न भरता, न लिहिता बसलात तर ७० चे १०५ होतात, मग नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये (हे कोर्टाचं कार्यालय) त्याची नोंद होते, आणि शेवटी बेलिफ, म्हणजे वसुली करणारा माणूस, दारात. त्याची फी वेगळी.

आपल्यातल्याच एका नव्या जोडप्याचं असं झालं. वर्षात दोनदा घर बदललं, गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या डीव्हीएलएला पत्ता कळवायचा राहिला. नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. त्यांना पहिली खबर लागली ती बेलिफ आला तेव्हा. अशा वेळी टीई९ नावाचा अर्ज भरून, मला नोटीस मिळालीच नाही असं सत्यकथन करता येतं, उशीर झाला असेल तर सोबत टीई७. ते मान्य झालं की प्रकरण मागच्या पायरीवर येतं. पण खोटं लिहू नका, ते मात्र गंभीर आहे. त्यापेक्षा घर बदललं की गॅसच्या आधी गाडीचा पत्ता बदला.

दयेचा अर्ज आणि कायद्याचा मुद्दा ह्यांत मात्र गल्लत करू नका. दोन वर्षांपूर्वी मी पार्किंगच्या अॅपवर पैसे भरले ते विकून टाकलेल्या जुन्या गाडीच्या नंबरावर. अॅपला तोच लक्षात होता. दंड आला. चूक माझीच. बँकेची नोंद जोडून कौन्सिलला प्रामाणिकपणे लिहिलं, त्यांनी "या वेळेपुरतं" रद्द केलं. अशी माफी कौन्सिलकडे मागायची असते. अॅडज्युडिकेटर नुसत्या दयेपोटी दंड रद्द करू शकत नाहीत, फार तर कौन्सिलला पुनर्विचार करा म्हणून सुचवतात. म्हणून आईचं आजारपण, गाडी बंद पडणं, हे जे काही असेल ते पुराव्यासकट पहिल्याच पत्रात घाला. पैसे भरलेल्या वेळेवर पाच-सात मिनिटं झाली असतील तर तेही लिहा : कौन्सिलच्या जागेत भरलेला किंवा फुकटचा वेळ संपल्यावर १० मिनिटांची सूट इंग्लंडात २०१५ पासून कायद्यानंच आहे. दुहेरी पिवळ्या रेघेवर ती नाही, हे आपल्या खजिनदारांसाठी.

आणखी एक घोळ. सुपरमार्केटच्या किंवा हॉस्पिटलच्या पार्किंगमधून टपालानं जे येतं, त्यावरही तीच तीन अक्षरं असतात, पीसीएन. पण कौन्सिलची ती पेनल्टी चार्ज नोटीस आणि खासगी कंपनीची ती पार्किंग चार्ज नोटीस. दुसरीचा न्याय वेगळा, अपीलाची जागाही वेगळी, कंपनी कुठल्या संघटनेची सभासद आहे त्यावर पॉप्ला किंवा आयएएस. "खासगीवाल्यांना उत्तरच द्यायचं नाही" हा सल्ला आपल्यातले जुने लोक अजून देतात. तो जुना झाला. २०१५ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं चेम्सफर्डमधल्या एका माणसाला, फुकटच्या दोन तासांवर तासाभरानं जास्त थांबल्याबद्दल, ८५ पौंड द्यायला लावले. तेव्हा पाकीट आलं की आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचा.

"एवढ्या ३५ पौंडांसाठी सहा महिने!" असं ज्यांनी मला ऐकवलं, त्यांच्यासाठी हिशेब. मी दोन पत्रं लिहिली, एक ऑनलाइन अर्ज भरला, एक फोन केला. सगळे मिळून फार तर सात तास. आणि सहा घरांचे मिळून २१० पौंड गेले, त्यांत मूर्तीचा खर्च निघाला असता. पार्किंगच्या हिशेबातली शिल्लक कौन्सिलला मन मानेल तशी वापरताही येत नाही. १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या कलम ५५ नुसार ती पार्किंग आणि वाहतुकीच्या ठरावीक कामांसाठीच. त्या कामांचा खर्च भागवायला लंडनमधल्या बार्नेट कौन्सिलनं रहिवाशांच्या परवान्यांचे दर वाढवले, तेव्हा तिथल्याच एका रहिवाशानं कोर्टात जाऊन २०१३ साली ते बेकायदा ठरवून घेतलं. पार्किंग हे पैसे उभारायचं साधन नव्हे, असं न्यायालयानं सांगितलं. एक रहिवासी, एक कौन्सिल. आमचे हे हल्ली ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात, जणू स्वतःच लढले होते.

पाडव्याचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी त्याच हॉलमध्ये आहे. काल मी मुद्दाम त्या रस्त्यावरून गेले. कुंपण कापलंय. पाटी आता रस्त्याच्या टोकापासून वाचता येते, आणि ती अजूनही तेच सांगते : सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०. तेव्हा तिथे गाड्या लावू नका. स्टेशनजवळच्या कार पार्कमध्ये जागा असते, हॉलपर्यंत पायी सात मिनिटं. श्रीखंडाची पातेली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आधी दारात उतरवून घ्यावीत.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
सातव्या गाडीतली काकू